सादळलेल्या पापडीवर चालणारी गाडी

आमच्या घरी पापड सादळले की डब्याचं झाकण नीट न लावणाऱ्याचा शोध सुरू व्हायचा. बहुतेक वेळा ती मीच निघायचे. त्यामुळे जपानमध्ये मुद्दाम सादळवलेली पापडी पैसे मोजून घेताना मला आई आठवली.

चोशी हे तोने नदीच्या मुखाशी वसलेलं गाव, टोकियोहून जलद गाडीनं दोनेक तासांवर. मोठ्या रेल्वेचा फलाट जिथे संपतो, तिथेच त्याच्या शेपटाला चोशी इलेक्ट्रिक रेल्वेची गाडी उभी असते. मार्ग जेमतेम ६.४ किलोमीटरचा, पण स्थानकं चक्क १०! मी बसले ती दोन डब्यांची गाडी आधी टोकियोत धावली, मग शिकोकू बेटावर राबली, आणि उतारवयात इथे आली. पहिलंच स्थानक नाकानोचो. शेजारी सोया सॉसचा कारखाना, त्यामुळे दार उघडलं की तो खारट, आंबूस वास आधी चढतो आणि मग प्रवासी. पुढे दोन्ही बाजूंची झाडी खिडकीला घासत जाते, मग कोबीची शेतं, आणि समुद्र जवळ आल्याचं वाऱ्यावरून कळेपर्यंत प्रवास संपलेला असतो.

एवढ्याशा या मार्गाचं नशीब मात्र मोठं खडतर. १९१३ साली इथे पहिल्यांदा गाडी धावली. चारच वर्षांत ती बंद पडली आणि रूळही विकले गेले, कारण महायुद्धामुळे लोखंडाला भाव आला होता. १९२३ मध्ये पुन्हा रूळ पडले. उत्पन्न तिकिटांवर भागेना, म्हणून कंपनी खाऊ विकू लागली. १९९५ पासून नुरे-सेन्बेई, म्हणजे शब्दशः 'ओली सेन्बेई'. तांदळाची पापडी भाजायची आणि गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवायची. कुरकुरीतपणा गेला तरी चालेल. इथे तो जायलाच हवा.

२००६ मध्ये तर गाडीच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नाहीत. आधीच्या अध्यक्षानं कंपनीच्या नावावर कर्ज काढून पैसा खाल्ला होता. तेव्हा कर्मचाऱ्यांनी इंटरनेटवर सरळ लिहिलं: नुरे-सेन्बेई घ्या, गाडीच्या दुरुस्तीचे पैसे आम्हाला कमवायचेच आहेत! आर्जव म्हणावं की जाहिरात, कोण जाणे. पण देशभरातून इतक्या ऑर्डरी आल्या की पापडी पुरेना. आजही कंपनीचं बरंचसं उत्पन्न प्रवाशांपेक्षा खाऊतून येतं. २०१८ मध्ये त्यांनी 'माझुई-बो' नावाची कुरकुरीत कांडी काढली. माझुई म्हणजे बेचव आणि माझुई म्हणजे वाईट अवस्थाही. चव बरी आहे, अवस्था वाईट आहे, असा तो विनोद. आपली फाटकी झोळी इतक्या ऐटीत मिरवणारी कंपनी मी दुसरी पाहिली नाही.

इनुबो स्थानकात उतरून मी एक पाकीट तिथेच संपवलं. पहिला घास दातांना पटत नाही. चामट, खारट, जरासा गोड. तिसऱ्या पापडीला मी विचार सोडून दिला होता.

एक पाकीट पुण्याला आणलं. सगळी कथा सांगून आईच्या हातात ठेवलं. तिनं मन लावून ऐकलं, पाकीट फोडलं, एक पापडी बोटांनी दाबून पाहिली.

"अगं, सादळलीय," म्हणाली, आणि तवा तापत ठेवला.