मामा, त्या हाताला धरू नका

लकव्याच्या पेशंटला उठवायची आपल्याकडची पद्धत ठरलेली: दोघांनी दोन्हीकडून काखेत हात घालायचे आणि ओढायचं. त्या दिवशी आमचे वॉर्डबॉय मामा तेच करत होते.

"मामा, थांबा. त्या हाताला धरू नका."

आवाज चढलेला नव्हता, तरी मामा जागीच थांबले. औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी असलेली मीही वळून बघायला लागले, कारण हे बोलणारी मुलगी कोण, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

जर्मनीला जाण्याआधी ती माझ्याच हाताखाली होती. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी, कामाला चोख. पण राउंडला डॉक्टरांनी काही विचारलं की मान खाली. नातेवाईक ओरडले की लिननच्या खोलीत जाऊन रडायची. इथून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून गेली, तरी तिथे भाषेची बी-२ पातळी गाठून शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणूनच राबली. तिथे अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सगळं नर्सिंग स्टाफच करतो. वडिलांच्या आजारपणामुळे ती परत आली आणि आमच्याकडेच रुजू झाली.

पेशंट म्हणजे विड्या वळणारी एक अम्मा. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. हिने तिला कुशीवर वळवलं, पाय खाटेखाली सोडले आणि डाव्या हातावर जोर द्यायला लावून हळूहळू बसवलं. "लुळा खांदा ढिला असतो मामा, ओढला की सांध्यातून सरकतो." त्या हाताखाली उशी दिली. आधी चमचाभर पाणी पाजून ठसका लागतो का, आवाज बदलतो का, ते पाहिलं. मग वरणात कालवलेला मऊ भात पुढे ठेवला आणि चमचा अम्माच्या डाव्या हातात दिला.

निम्मा भात चादरीवर. सून कानकोंडी झाली. "सिस्टर, मी भरवते ना. बघणारे काय म्हणतील?"

"वहिनी, जेवढं जमतंय तेवढं त्यांना करू द्या. तुम्ही फक्त वाटी धरा."

थोड्या वेळाने एक घास नीट तोंडात गेला. अम्मा तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि सून खुदकन हसली. "मीठ कमी आहे म्हणतात!"

राउंडला डॉक्टर घरी सोडण्याबद्दल मुलाशी बोलत होते. ही म्हणाली, "सर, अम्मांना सगळं कळतंय. त्यांनाही विचारूया का?" सर क्षणभर गप्प झाले, मग स्टूल ओढून अम्माजवळ बसले.

परदेशी जाऊन पोरगी शिष्ट झाली, असं स्टाफमध्ये कुजबुजतात. मला ते अजिबात पटत नाही. तिची भीती गेली आहे, आणि त्याचा फायदा पेशंटला होतोय. तिथलं सगळंच चांगलं, असंही ती म्हणत नाही. तिथल्या काही आज्या दिवसभर दाराकडे बघत बसायच्या, हे सांगताना तिचा गळा दाटतो. "इथे सून उशाशी आहे मॅडम, तिला नीट शिकवायला हवं."

पुढच्या आठवड्यापासून मामा-मावशींना पेशंट उठवायला तीच शिकवणार आहे. नाइटवाल्यांसाठी वेगळी वेळ मी मेट्रनकडून मागून घेतली.