निरसं दूध

मे महिन्यातली दुपार. बाहेर सोलापूर भाजून निघत होतं आणि आमच्या एमआरआयच्या खोलीत पेशंटला पांघरूण द्यावं लागत होतं. मंगळवेढ्याकडचे एक आप्पा स्ट्रेचरवरून आले. साठीचे. दोन महिने ताप येऊन-जाऊन, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरलेली. आठवड्यापासून पाय लुळे पडत चालले होते, लघवीही अडली होती. चिठ्ठीवर लिहिलेलं : मणक्याचा टीबी?

ताप आणि मणका एकत्र आले की आमचा हात आपोआप टीबी लिहायला जातो. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं.

कमरेच्या चौथ्या मणक्याचा वरचा-पुढचा कोपरा कुरतडल्यासारखा दिसला. पण मणका ढासळला नव्हता, चकती बऱ्यापैकी शाबूत, शेजारी पुवाची मोठी पिशवी नाही. टीबी सहसा एवढा अदबशीर नसतो. वर सरकलो तर पाठीतला मज्जारज्जू टी-टू चित्रात (यात पाणी आणि सूज पांढरी दिसते) पाच-सहा मणक्यांच्या लांबीभर आतून पांढरट, किंचित फुगलेला. गॅडोलिनियम, म्हणजे सूज उजळवणारं औषध, शिरेतून दिल्यावर त्याची आवरणं आणि खालचा नसांचा झुपका उजळला. बाहेरून दाब कुठेच नव्हता. पाय गेले ते आतल्या सुजेनं.

टेक्निशियन माइकवरून ओरडत होता, "हलू नका!" आप्पांना ऐकूच जाईना. मुलाला विचारलं, कमी ऐकू येतं का पहिल्यापासून?

"न्हाई साहेब, ह्या महिन्यातच. वयानं झालं म्हनलं आमी."

हे कानाचं ऐकलं आणि माझी पेन थांबली.

"घरी शेळ्या आहेत?"

"हायत्या की धा-बारा."

"दूध तापवून पिता?"

"आमी तापवतो. आप्पा निरसंच पित्यात. धार काढली की तांब्या तोंडाला."

"एखादी गाभडली का?"

"दोन गाभडल्या, संक्रांतीच्या मागंपुढं."

रिपोर्टात ब्रुसेलोसिस वर लिहिला, टीबी खाली. शेळ्या-गुरांना गाभडवणारा हा आजार निरशा दुधातून माणसात येतो, मणक्याबरोबर कानाच्या नसेलाही धरतो. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूसनं माल्टात हा जंतू शोधला, १९०५ मध्ये तिथल्याच शेळ्यांत तो सापडला. तरी इथे तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्याही नाही.

फिजिशियन म्हणाले, पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढल्यात, प्रोटीन जास्त, साखर कमी. टीबीचंच सुरू करतो. ग्यानबाची मेख तिथंच होती. टीबीतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलालाही लागू पडतं. पेशंटला थोडं बरं वाटतं आणि चुकीचं निदान पक्कं होतं. मी हट्टानं म्हटलं, आधी रक्त पाठवा, आणि कल्चर लावणार असाल तर लॅबला आधी सांगा, हा जंतू तिथल्या माणसांनाही धरतो.

ब्रुसेलाची ॲग्लुटिनेशन टेस्ट १:१२८० आली, म्हणजे जोरदार पॉझिटिव्ह. सेफ्ट्रिअॅक्सोन, डॉक्सिसायक्लिन, रिफाम्पिसिन असं कित्येक आठवडे चाललं.

दिवाळीनंतर आप्पा काठी टेकत आले. मज्जारज्जूतला पांढरेपणा ओसरला होता. एका कानानं मात्र अजून नीट ऐकू येत नव्हतं. मे महिन्यात विचारायचा राहिलेला प्रश्न मी आता मुलाला विचारला. त्या गाभडलेल्या शेळ्यांची वार कुणी काढली?

त्यानं दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "हिनंच. हातानं."

तिची कंबर दुखते हे तो मागेच बोलला होता. शेतातल्या कामानं असेल, असं मीच म्हणालो होतो. तिचं रक्त त्याच दिवशी काढून घेतलं.