तुम्ही विचारलंत म्हणून: दगडूचा हात

आमचा पाळीव सरडा दगडू हात का हलवतो, आणि पाहुण्यांना पाहून हलवतो म्हणजे तो माणसे ओळखतो का, हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे, की अखेर उत्तर लिहूनच ठेवावे असे ठरवले. विचारणाऱ्यांचे दोन तट आहेत. पहिल्या तटाला ‘टाटा करणारा सरडा’ अजून एकदा पाहायचा असतो. दुसऱ्या तटाला त्याचा वाकडा मागचा पाय आधी दिसतो, आणि मग ती मंडळी आवाज खाली आणून म्हणतात, “पण तुम्ही तर जीवशास्त्राच्या मॅडम. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखे नसल्यामुळे आजवर मी दोन्ही तटांना हसून टाळत आले.

तो घोरपड नाही, तो ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन आहे, त्याला लेकीने पुण्याहून आणले आणि नोकरीसाठी बंगळुरूला जाताना माझ्या गळ्यात टाकले, ही कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. ती सोडून देते.

आधी हाताविषयी. हे जनावर लहान असताना पुढचा एक पाय उचलते, हवेत संथपणे अर्धगोल फिरवते आणि पुन्हा खाली टेकवते. बाकीचे तीन पाय जागचे हलत नाहीत. त्याच्या जातभाईंमध्ये या खुणेचा अर्थ साधारण असा, की तू मोठा आहेस हे मी पाहिले आहे, मी तुझ्या वाटेत येणार नाही, मला मारू नकोस. मोठा नर मान जोरजोरात वरखाली करतो, तेव्हा लहान पिल्लू हा हात दाखवते. म्हणजे आपल्याकडचा नमस्कार शोधायचाच असेल, तर तो सावकाराच्या ओट्याखाली उभ्या असलेल्या कुळाचा नमस्कार आहे, देवळातला किंवा लग्नघरातला नव्हे.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणणे सोयीचे झाले असते. पण ते मी वाचलेले होते. दगडू घरी आला तेव्हा दोन महिन्यांचा होता, आणि पहिल्या आठवड्यातच मी त्याच्याविषयी मिळेल ते सारे वाचून काढले होते. पण वाचलेली गोष्ट आणि समोर घडणारी गोष्ट यांची गाठ पडण्यासाठी मध्ये माणसाची इच्छा असावी लागते. माझी इच्छा वेगळी होती. सांगलीत पाहुण्यांपुढे चहाबरोबर भडंग ठेवतात. आमच्या घरी भडंगाबरोबर दगडूचा हातही मिळू लागला. शेजारची मुले यायची, काचपेटीचे झाकण सरकवायची आणि वरून हात आत घालायची. या प्राण्याच्या टाळूवर एका फिकट खवल्याखाली तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. आणि मोकळ्या माळावर वरून येणारी सावली बहुतेक शिकारी पक्ष्याचीच असते. वरून पाच सावल्या एकदम आल्या की दगडू हात उचलायचा, मुले खिदळून हात हलवायची, आणि मी, बावीस वर्षे ज्युनिअर कॉलेजात ‘प्राण्यांचे वर्तन मानवी भावनांनी वाचू नये’ असे बजावत आलेली बाई, भ्रमणध्वनीवर चित्रण करत असायची.

मे महिन्यात तर मला एका गोष्टीचे वाईटही वाटले होते. तो साऱ्यांना हात दाखवायचा, मला मात्र कधीच नाही. रोज खाऊ घालते ती मी आणि टाटा मिळतो परक्यांना, असे मी लेकीला फोनवर म्हटलेही होते. ते निम्मेच चेष्टेने म्हटले होते.

आता पायाविषयी. इथे माझी बाजू थोडी मांडू द्या. विकणाऱ्याने काचपेटीबरोबर एक जांभळट दिवा दिला होता आणि तो ‘यूव्ही’चा आहे असे सांगितले होते. दिवा पेटत होता, जांभळा दिसत होता; अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे त्यातून ते येतात की नाही हे घरात बसून कळायला मार्ग नव्हता. शिवाय मी पेटी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली होती, आणि खिडकीतून ऊन येत होते. गच्चीवर न्यायचे तर घारी होत्या, बोके होते. त्याच्या खाण्यासाठी रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या मी वेळेवर मागवत होते. जूनच्या सुरुवातीला भाच्याने शिराळ्याकडून बाटलीभर काजवे आणले, तेव्हा ते मी दारातूनच परत पाठवले. काजवा या जातीच्या सरड्याला विषारी असतो आणि अमेरिकेत काजवे खाऊन असे सरडे मेल्याची नोंद आहे, एवढे मी वाचले होते. म्हणजे मी निष्काळजी नव्हते. लाखात एखाद्या वेळी घडणारी गोष्ट मला ठाऊक होती.

रोज घडणारी दिसत नव्हती. खिडकीची काच ऊन आत सोडते, पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-बी किरण जवळजवळ सगळे अडवते. ‘ड’ नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसे जात नाही. रक्तातले कॅल्शियम घटले की शरीर ते हाडांतून काढून घेते, कारण हृदयाला आणि स्नायूंना ते त्या क्षणी लागते, आणि हाडे थांबू शकतात. तेही पुरेनासे झाले की मज्जातंतू उगाचच चेतू लागतात आणि स्नायू आपोआप फडफडतात. ही साखळी मी फळ्यावर किती वेळा काढली असेल याचा हिशेब नाही. बाणांसाठी वेगळ्या रंगाचा खडू वापरत असे.

त्यात मी त्याला पालक घालत होते, कारण हिरवी भाजी म्हटली की आमच्या पिढीला पालकच सुचतो. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. कॅल्शियमची पूड आठवड्यातून दोनदा, आठवेल तशी. वाढत्या पिल्लाच्या किड्यांवर ती जवळपास रोज भुरभुरावी लागते.

दर रविवारी मी त्याची लांबी पट्टीने मोजून वहीत लिहीत असे. जून अखेरीस सव्वीस सेंटिमीटर. पुढच्या रविवारी सव्वीस. त्याच्या पुढच्याही रविवारी सव्वीस. त्या तिसऱ्या सव्वीसपुढे मी माझ्या अक्षरात लिहिले आहे: ‘पावसाळ्यामुळे मंद असावा.’ ती वही मी टाकून दिलेली नाही.

जुलैतल्या त्या संध्याकाळी पाऊस आठवडाभर लागून होता आणि वीज दुपारपासून गेली होती. मिरजेहून माझी नणंद नातवंडांना घेऊन आली होती. मुलांना दगडूचा हात पाहायचाच होता, म्हणून मी बॅटरी घेऊन पेटीशी गेले. दगडू पोट टेकून, चारही पाय पसरून बसला होता. त्याचा रंग मळलेला आणि काळपट होता, तोही मी गारठ्याच्या खात्यावर टाकला. प्रकाश पडताच त्याचा उजवा हात थोडा उचलला गेला आणि बोटे हलली. “बघा, हलवतोय,” मी म्हणाले. मुलांनीही हात हलवले. नणंद म्हणाली, “वहिनी, तुमचा सरडा अगदी शिकलेला हो.” मी दुसऱ्या हाताने चित्रण सुरू केले.

तेवढ्यात सहा वर्षांचा धाकटा नातू खाली वाकून म्हणाला, “आजी, त्याचा मागचा पायपण टाटा करतोय.”

सगळे हसले. मी हसले. चित्रणात माझे हसणे स्पष्ट ऐकू येते. बॅटरीचा झोत मी मागे नेला, तर मागच्या डाव्या पायाची बोटे तारेवर वीज सोडावी तशी झटक्याझटक्याने उडत होती. मग उजव्या पायाची. त्या हालचालीला ना दिशा होती, ना संथपणा, ना आमच्याशी काही संबंध. मी झोत बंद केला, मुलांना म्हटले की त्याला झोप आली आहे, आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाला आधण ठेवले. मला कळले होते का? कळले होते असे वाटते. पण पाहुणे असताना कळून घ्यायचे नव्हते. रात्री ते गेल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा तो डोळे मिटून झोपला होता आणि बोटे तशीच उडत होती. झोपेत कोणी कोणाला नमस्कार करत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती मी नणंदेलाही सांगितलेली नाही. ते थरथरणे मी त्याआधी चार दिवस पाहिले होते. तेव्हा मनाशी म्हटले होते, आता हा मलाही हात दाखवू लागला.

सकाळी त्याला पोट उचलता येईना. तोंडासमोरून रातकिडा गेला, त्याने मान वळवली, जबडा उघडला आणि तो तसाच राहिला. गावातले डॉक्टर भले माणूस, पण त्यांचा हात गाईम्हशींवर बसलेला. त्यांनीच पुण्यातल्या अशा प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून, त्यावर बुटांच्या खोक्यात दगडू, असे सव्वादोनशे किलोमीटर गेलो. एक्स-रेमध्ये त्याची हाडे मागच्या मांसापासून धड वेगळी दिसत नव्हती. डाव्या मांडीचे हाड मोडून वाकले होते. तिथल्या डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: दिवा कोणता, पूड किती वेळा, भाजी कोणती. मी उत्तरे दिली आणि प्रत्येक उत्तर देताना ते चूक आहे हे मला कळत होते. मी काय शिकवते हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

तुमच्यापैकी काहींना वाटते, की तुमच्याजागी कोणीही असते तरी हेच झाले असते, असे म्हणून मी सुटायला हवे. कोणीही असते तर नसते झाले. ज्याला काहीच माहीत नाही, तो मागचा पाय उडताना पाहून घाबरला असता. त्या मुलाने तेच केले, फक्त त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता. माझ्याकडे ‘हात हलवणे’ हे तयार नाव होते, आणि पुढे जे काही हलले ते मी त्याच नावात घातले. यावर त्या वेळची मी मला उलट विचारते: खोटा दिवा मी केला का? काच मी शोधली का? आणि दिसले नाही त्याचा दोष डोळ्यांना, की मनाला? तिचे म्हणणे मला पटत नाही, आणि खोडताही येत नाही. काही रात्री मी तिच्या बाजूने असते.

आता अतिनील दिव्याची नवी नळी आहे आणि ती लावल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहिलेली आहे, कारण नळी पेटत राहते तरी तिच्यातले उपयोगी किरण काही महिन्यांत घटत जातात. सकाळचे ऊन तो गच्चीवर, जाळीच्या पिंजऱ्यात आणि अर्ध्या सावलीत घेतो. मी शेजारी काठी घेऊन बसते. पालकाऐवजी शेवग्याचा पाला. थरथर तीन आठवड्यांत थांबली, जबडा घट्ट झाला. मांडीचे हाड वाकडेच जुळले आणि ते तसेच राहील.

त्या तीन आठवड्यांत रोज दोनदा मी त्याच्या ओठाच्या कडेला ड्रॉपरने कॅल्शियमचे औषध सोडत असे. दहाव्या की अकराव्या दिवशी मी ड्रॉपर घेऊन वाकले, तेव्हा दगडूने पुढचा उजवा पाय उचलला, संथपणे अर्धगोल फिरवला आणि खाली टेकवला. बोटे जराही थरथरली नाहीत. घरात आनंद झाला. हे म्हणाले, “बघ, आभार मानतोय.” लेकीलाही तसेच कळवले गेले.

मी ड्रॉपर ओट्यावर ठेवला, दहा मिनिटे थांबले आणि मग वरून न जाता बाजूने, जमिनीलगत बसून, हात आधी त्याला दिसेल असा पुढे केला. त्याने औषध घेतले. हात पुन्हा उचलला नाही.

जुलैच्या त्या संध्याकाळचे चित्रण अकरा सेकंदांचे आहे. मुलांचे हसणे सुरू होण्याआधी, पहिल्या दोन सेकंदांत, त्याचा उजवा हात वर जातो. मी ते थांबवून, हळू करून कितीतरी वेळा पाहिले. ती थरथर आहे, की एवढे अंग ढासळलेले असतानाही त्याने आम्हाला पाहून खरोखर हात उचलला होता, हे मला अजून सांगता येत नाही.