खोकताना लघवी सुटते? आवळायला शिका, सोडायलाही शिका

बाळंतपणानंतर शिंकताना-खोकताना लघवीचे थेंब सुटले, की 'हे व्हायचंच' म्हणून कित्येक जणी गप्प बसतात. कृपया बसू नका. बहुतेक वेळा हा त्रास व्यायामाने कमी होतो, पण व्यायाम बरोबर जमायला हवा.

पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू म्हणजे पेल्विक फ्लोअर. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना त्यांचाच आधार. सिझेरियन झालं तरी गरोदरपणातला भार या झोळीने पेललेला असतोच, त्यामुळे हा व्यायाम अशा जणींनाही लागतो. गरोदरपणातच सुरू केला तर फारच उत्तम.

गुडघे वाकवून पाठीवर किंवा कुशीवर झोपा. श्वास घ्या. सोडताना, गॅस अडवावा तसा गुदद्वाराचा भाग आवळा आणि तीच पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणत आत-वर ओढा. ५ सेकंद धरा. ३ च जमले तरी चालतील. मग निदान तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं ८ ते १० वेळा, दिवसातून ३ वेळा. हळूहळू १० सेकंदांपर्यंत जा. शेवटी १० वेळा झटपट आवळा-सोडा.

सगळ्यात जास्त चुकतो तो श्वास. तो रोखून जोर लावला की पोटातला दाब खाली येतो आणि झोळी वर उचलली जाण्याऐवजी खाली ढकलली जाते. हातात आरसा धरून पाहा: योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत जायला हवी. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही उलटा जोर लावताय. नितंब आणि मांड्या सैलच राहू द्या. लघवी करताना धार अडवून व्यायाम करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

सैल सोडणं तितकंच महत्त्वाचं, कारण सतत ताठलेला स्नायू थकतो आणि ऐन खोकल्याच्या वेळी कामी येत नाही. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर आणखी आवळत बसू नका, आधी तपासून घ्या.

शिंक येतेय असं वाटलं की क्षणभर आधी आवळा, मग शिंका. ही सवय लवकर लागते. ताकद यायला मात्र ३ महिने तरी द्या.

योनीत जडपणा किंवा गोळा जाणवत असेल, शौच रोखता येत नसेल, तर पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. तुमची परवानगी घेऊन त्या बोटाने आतून तपासतात आणि स्नायू आवळतोय का, सुटतोय का, हे तिथल्या तिथे सांगतात.