पांझरेकाठची हरकत आणि एक निळी रेषा

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठावर. बंधाऱ्यातून निघालेला पाट उताराने फडात, म्हणजे एकाच पिकाखालच्या वावरांच्या गटात, पाणी नेतो. त्याला मोटर लागत नाही, वीज लागत नाही. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, अशी पिकं फिरती राहतात आणि कुणाच्या वावराला कधी पाणी द्यायचं ते पाटकरी बघतो. शेकडो वर्षांची ही रीत आमच्या हयातीत मोडू नये, एवढंच आम्हाला हवं होतं.

एका विद्यापीठाने संकुलाला लागून नदीकाठ विकासाचा आराखडा आणला. दगडी भिंत, फिरायला पायवाट, बाग, खुला रंगमंच. चित्रं देखणी होती, पण त्यांत आमचा पाट कुठेच नव्हता. भिंत नेमकी पाटाच्या तोंडावरून जात होती. गावातल्या जिभाऊंनी कागद बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "पाट बुजी गया तं फड मरी गया समजा."

विद्यापीठ नको, असं गावात कुणीच म्हणत नव्हतं. आमच्याच पोरी शिकायला धुळ्याला बसने जातात.

हरकतींना तीस दिवसांची मुदत होती. पहिल्या बैठकीत एकच अर्ज करून खाली सगळ्यांनी सह्या करायचं ठरत होतं. तालुक्याच्या एका वकिलांनी ते थांबवलं. शंभर सह्यांचा अर्ज एकच हरकत म्हणून धरला जाऊ शकतो, तेव्हा प्रत्येक खातेदाराने वेगळा अर्ज द्या, सातबारा जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, असं त्यांनी बजावलं. आठ दिवस आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून अर्ज लिहिले. ज्या बायाबापड्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा अंगठा घेतला, पण आधी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. त्या वाचण्यात वेळ गेला खरा, तरी मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण पुढे सुनावणीत त्याच बाया उभ्या राहून बोलल्या.

ग्रामसभेचा ठरावही झाला. पण आमची खरी लढाई पूररेषेच्या नकाशासाठी होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध असतो, तिथे बांधकाम करता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं फाईलला लागत नाही. म्हणून दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, नकाशा उपलब्ध नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी पहिलं अपील टाकलं आणि त्याच्या सुनावणीत नकाशा टेबलावर आला. नियोजित भिंतीचा बराचसा भाग निळ्या रेषेच्या आत होता.

तोवर हरकतींची मुदत संपून गेली होती. पण अर्जातच आम्ही लिहून ठेवलं होतं की, पूररेषेचा नकाशा मागितला आहे, तो मिळताच सुनावणीत सादर करू. हे वाक्यही वकिलांनीच घालायला लावलं होतं.

हरकतींवरच्या सुनावणीच्या दिवशी जिभाऊ पाटाची खूण असलेला जुना गावनकाशा छातीशी धरून आले होते. त्यांना फक्त विचारलं, पाट कधीपासून आहे? ते म्हणाले, "माझ्या आजोबांनी त्यातला गाळ काढला, बापाने काढला, मीही काढला." समोरचे साहेब थोडा वेळ नकाशाकडेच पाहत राहिले.

भिंत पाटापासून लांब हलवून, पूररेषेच्या बाहेर सुधारित आराखडा करायला सांगितलं गेलं. बाग राहणार आहे, आणि त्याला आमची हरकत नाही. लेखी आदेशाची नक्कल अजून हातात आलेली नाही. त्यासाठी सोमवारी पुन्हा धुळ्याला जायचंय, आणि गावाकडे पाटातला गाळ काढायचं काम तसंच बाकी आहे.