आमची वाटचाल : १ आणि ३३ मधलं अंतर

आमची फर्म तिघांची. सर्व्हरवरच्या फायलींचे ॲट्रिब्यूट, म्हणजे फाइलला लावलेल्या खुणा, प्रोग्राममधून बदलणारी सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. काम किरकोळ वाटेल, पण आमचा जीव त्यातच आहे.

पहिल्या ग्राहकांना वर्ष संपल्यावर हिशेबाच्या फायली रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येतील पण बदलता येणार नाहीत अशा, करून हव्या होत्या. आम्ही विंडोजच्या सेटफाइलॲट्रिब्यूट्स या फंक्शनला फाइलचा पाथ, म्हणजे ती कुठे आहे तो पत्ता, आणि १ हा आकडा दिला. १ म्हणजे रीड-ओन्ली. चाचणी नीट झाली, सगळे खूश.

काही आठवड्यांनी सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप परत आणला, तर वर्षाच्या शेवटच्या दिवशीच्या नोंदी त्यात नव्हत्याच. रात्रभर लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेली नोंदवही, चाळल्यावर उलगडा झाला. हे फंक्शन आधीच्या खुणांत भर घालत नाही; त्या पुसून नवा आकडा लिहितं. त्या दिवशी बदललेल्या फायलींवर ३२ होतं, म्हणजे अर्काइव्ह बिट, 'माझा बॅकअप व्हायचाय' सांगणारी खूण. आमच्या १ ने ती पुसली आणि फक्त बदललेल्या फायली उचलणाऱ्या रात्रीच्या इन्क्रिमेंटल बॅकअपने त्या गाळल्या. चूक निखालस आमची होती, तसं आम्ही कबूल केलं. ग्राहकांच्या कार्यालयात बसून छापील पावत्यांवरून एकेक नोंद पुन्हा भरली.

तेव्हापासून आधी गेटफाइलॲट्रिब्यूट्सने जुना आकडा वाचतो, त्यात १ 'ऑर' करतो, म्हणजे ती खूण नसेल तरच लावतो, आणि ३२ असेल तर ३३ लिहितो. इथे साधी बेरीज चालत नाही. आधीच ३३ असलेल्या फाइलला १ मिळवला की ३४ होतात, म्हणजे ३२ आणि २; रीड-ओन्ली जातं आणि फाइल हिडन, म्हणजे लपलेली, होते.

पुढे प्रोग्राम सर्व्हिस म्हणून, म्हणजे कुणी लॉगिन न करता मागे आपोआप, चालवला, तर त्याला सर्व्हरवरच्या फोल्डरला दिलेला झेड ड्राइव्ह दिसेना. मॅप केलेला ड्राइव्ह ज्याच्या त्याच्या लॉगिनपुरता असतो, म्हणून आता सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पाथ देतो. लिनक्सवरच्या फायली विंडोजला वापरू देणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीने वेगळंच दमवलं. तिथे हिडन लावलं तरी टिकायचं नाही. हे ॲट्रिब्यूट लिनक्सच्या एक्झिक्यूट बिटांत, म्हणजे फाइल चालवायच्या परवानगीच्या खुणांत, ठेवले जायचे आणि मूळ सेटिंगमध्ये फक्त अर्काइव्हला जागा होती. सांबा ४.९ पासून ते एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे फाइलला जोडलेल्या जादा माहितीत, आपोआप साठवले जातात.

आमचा प्रोग्राम आता प्रत्येक फाइलचा जुना-नवा आकडा लॉगमध्ये लिहितो. ते पहिले ग्राहक आजही आमच्याकडे आहेत. वर्षअखेरीला ते स्वतः लॉग उघडतात, ३२-३३ च्या जोड्यांवरून बोट फिरवतात आणि मगच बॅकअप सुरू करतात.