तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे?

माझ्या थोरल्या भावाला बायपोलर विकार (मन कधी अति उत्तेजित, तर कधी अति खिन्न होण्याचा आजार) आहे आणि त्याच्या जोडीला मधुमेह व रक्तदाबही आहे, हे ओळखीच्या लोकांना ठाऊक असल्यामुळे कोणाच्या घरात असा दुहेरी आजार आला की मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : “अशा माणसाला आधी कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, शरीराच्या की मनाच्या?” माझे उत्तर असे आहे की, त्रास नवा असेल किंवा अचानक वाढला असेल, तर आधी शरीराची तपासणी करून घ्यावी आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही त्याच दिवशी कळवावे. पुढे दोन्ही उपचारांची सांगड घालण्याची जबाबदारी कोणत्या तरी एका डॉक्टरांनी घ्यावी, हा आग्रह मात्र शेवटपर्यंत सोडू नये. एवढ्यावर प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि होऊही नये, म्हणून कारणे सविस्तर लिहीत आहे.

मनाच्या आजाराचे नाव एकदा केसपेपरवर चढले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच नावाखाली जमा होऊ लागते. छातीत दुखते म्हटले तर ती घबराट ठरते, अंगाला मुंग्या येतात म्हटले तर तो भास ठरतो आणि माणूस दिवसभर पडून राहिला तर ते नैराश्य ठरते. यात डॉक्टरांचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही. ओपीडीत गर्दी असते, समोरच्या रुग्णाला आपला त्रास नीट सांगता येत नसतो आणि एक निदान आयतेच कागदावर लिहिलेले असते, त्यामुळे दुसरे शोधण्याचे कारण कोणालाच वाटत नाही. याची किंमत फार मोठी आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षे आधी मृत्यू पावतात आणि त्यांतील बहुतेक मृत्यू हृदयविकार, श्वसनाचे विकार, संसर्ग अशा टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांमुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या रुग्णांच्या शारीरिक आजारांवरील उपचारांसाठी संघटनेने २०१८ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ज्या मृत्यूंची कारणे ठाऊक आहेत आणि ज्यांवर साधी औषधे उपलब्ध आहेत, ते केवळ कोणी तपासले नाही म्हणून घडावेत, याचा मला आजही संताप येतो.

दादाच्याच बाबतीत घडलेला एक प्रसंग सांगतो. त्याला अनेक वर्षांपासून लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध चालू आहे आणि ते त्याला चांगले मानवले आहे. गुडघा दुखू लागला म्हणून एका डॉक्टरांनी त्याला वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. काही दिवसांतच त्याचे हात थरथरू लागले, जुलाब सुरू झाले, शब्द जड येऊ लागले आणि चालताना तो भिंतीचा आधार शोधू लागला. तातडीच्या विभागातील तरुण डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली, बायपोलर हा शब्द वाचला आणि मानसिक आजार उलटला असावा असे सांगितले. मी त्यांना एवढेच म्हणालो, “साहेब, त्याचा आजार उलटतो तेव्हा तो झोपत नाही आणि अखंड बोलत राहतो. त्याची जीभ कधी जड झालेली नाही. त्याला लिथियम चालू आहे, कृपा करून त्याची रक्तातली पातळी बघा.” त्यांनी ती लगेच तपासली आणि ती धोकादायक रीतीने वाढलेली निघाली. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेतल्या की मूत्रपिंडांतून लिथियम बाहेर पडण्याचे प्रमाण घटते. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे आणि अंगातील पाणी कमी झाल्यामुळेही तसेच होते. नेहमीच्या तपासणीसाठी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेतात आणि पातळी साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर या मर्यादेत ठेवतात. विषबाधेची शंका आली तर मात्र वेळ न पाहता ताबडतोब रक्त घ्यावे लागते. गुडघ्याच्या डॉक्टरांना लिथियमची कल्पना नव्हती आणि मनाच्या डॉक्टरांना गुडघ्याची नव्हती. दोघेही आपापल्या विषयात निष्णात होते.

या प्रसंगात उपयोगी पडले ते माणूस एरवी कसा असतो याचे घरच्यांना असलेले ज्ञान. डॉक्टर त्याला प्रथमच पाहत असतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने त्याचा गोंधळ, त्याची सुस्ती, त्याचे असंबद्ध बोलणे हे सगळे त्याच्या आजाराचाच भाग असू शकते. “हे त्याचे नेहमीचे नाही, परवापासून सुरू झाले आहे, सकाळी बरा असतो आणि रात्री ओळखत नाही” असे स्पष्ट सांगणारा माणूस जवळ असला की निदानाची दिशाच बदलते. अचानक सुरू होणाऱ्या आणि तासागणिक कमी-जास्त होणाऱ्या अशा गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. वयस्कर माणसांत तो लघवीच्या संसर्गामुळे, न्यूमोनियामुळे, बद्धकोष्ठामुळे किंवा एखाद्या नव्या औषधामुळेही होतो आणि मूळ कारणावर वेळीच उपचार केले तर बहुधा ओसरतो. काही रुग्ण आरडाओरडा न करता नुसते गप्प पडून राहतात, आणि तेच अधिक दुर्लक्षित राहतात. म्हणून माझे सांगणे आहे की, घरच्यांनी निदान सांगायला जाऊ नये, फरक सांगावा. कधीपासून आणि किती, हे सांगावे.

उलट बाजूनेही हेच घडते. शारीरिक आजारासाठी दाखल केले की मनाची औषधे कधी कोणी ठरवून, तर कधी केवळ चार्टवर उतरवायची राहिली म्हणून बंद होतात, आणि आठवड्याभरात माणूस ढासळला की ते हॉस्पिटलच्या वातावरणावर ढकलले जाते. क्लोझापिन हे तीव्र मानसिक आजारावरचे औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत तर एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. तंबाखूच्या धुरामुळे ते औषध शरीरात लवकर नष्ट होत असते, त्यामुळे वॉर्डमध्ये सिगारेट एकाएकी सुटली की तीच मात्रा जास्त होऊन बसते. त्याच औषधाने होणारे बद्धकोष्ठ जीवघेणे ठरू शकते, म्हणून शौचाला झाली का, हा प्रश्न रोज विचारावा आणि त्याची लाज बाळगू नये. ओलान्झापिनसारख्या मनाच्या औषधांनी वजन आणि साखर वाढते, तेव्हा ती सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वजन, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासले जात आहे ना, हे विचारण्याचा घरच्यांना पूर्ण अधिकार आहे.

हे सगळे धावपळीच्या वेळी तोंडपाठ सांगता येत नाही. मी फाइलच्या सर्वांत वर एकच कागद ठेवतो. त्यावर दोन्ही प्रकारच्या आजारांची नावे, प्रत्येक औषध, त्याची मात्रा आणि वेळ, ते कोणी दिले, पूर्वी कोणते औषध बाधले, शेवटच्या तपासण्यांचे आकडे, दोन्ही डॉक्टरांचे फोन आणि “एरवी असा असतो” या शीर्षकाखाली चार ओळी असतात. जाड फाइल उघडायला कोणाला वेळ नसतो, परंतु हा कागद सिस्टरसुद्धा उभ्या उभ्या वाचतात.

आता त्या एका जबाबदार डॉक्टरांविषयी. जिथे सर्व विभागांबरोबर मानसोपचार विभागही आहे, असे सर्वसाधारण रुग्णालय शक्य असेल तर निवडावे, कारण तिथे वॉर्डमधल्या रुग्णासाठी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावण्याची सोय असते, आपण फक्त “त्यांचा रेफरन्स पाठवाल का?” असे विचारायचे असते. नियमित उपचारांसाठी मात्र जवळचे फॅमिली डॉक्टर अनेकदा अधिक उपयोगी पडतात, मोठ्या नावाचे तज्ज्ञ तेवढे पडत नाहीत, असे माझे मत आहे. मानसोपचारतज्ज्ञ वेन केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्याबरोबर मधुमेह किंवा हृदयविकार असलेले २१४ रुग्ण होते. त्यांच्यापैकी एका गटाला प्रशिक्षित परिचारिका नेमून दिली होती. ती फॅमिली डॉक्टरांसोबत काम करत दोन्ही आजारांवर एकत्र लक्ष ठेवत असे आणि तज्ज्ञांशी नियमित सल्लामसलत करत असे. वर्षअखेर त्या गटात नैराश्यही कमी झाले आणि साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉलही सुधारले. अशी परिचारिका सगळीकडे मिळत नाही हे मी जाणतो, परंतु तिचे काम काय होते हे कळले की आपल्या डॉक्टरांकडे नेमके काय मागायचे ते कळते.

हे सारे करताना आजारी माणसाला बाजूला बसवून त्याच्या डोक्यावरून बोलू नये. दादा बरा असतो तेव्हा आम्ही बसून ठरवतो की डॉक्टरांना काय सांगायचे, कोणाला बोलवायचे आणि कोणती गोष्ट त्याच्या परवानगीवाचून उघड करायची नाही. कागदावरच्या त्या चार ओळीही त्यानेच लिहिल्या आहेत. डॉक्टर त्याच्याविषयीचे प्रश्न मला विचारू लागले, तर मी ते त्याच्याकडे वळवतो आणि जे राहून जाते तेवढेच नंतर सांगतो. त्याला ऐकले जाते हे कळल्यापासून तो छातीतली कळ किंवा पायाची जखम लपवत नाही, आणि मधुमेहात पायाची जखम लपवणे किती महागात पडते हे निराळे सांगायला नको.

शेवटी, डिस्चार्जचा दिवस सर्वांत निष्काळजीपणाचा असतो, कारण सगळ्यांनाच घरी जाण्याची घाई असते. त्या दिवशी नव्या औषधांची यादी जुन्या कागदाशेजारी ठेवून प्रत्येक ओळ डॉक्टरांसमोर ताडून पाहावी, जे औषध गळले असेल ते का गळले ते विचारावे, पुढची रक्ततपासणी कोणी लिहून द्यायची हे ठरवून घ्यावे आणि डिस्चार्ज कार्डाची एक प्रत मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी स्वतः पोहोचती करावी.